पैसा खेळाडू विकत घेतो, घडवत नाही
(रायपूर येथील पंडरी भागात झालेल्या रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेतील भाषण)



आजच्या सभेत महागाई भत्ता आणि रिक्त जागा हे विषय झाले. तरुण साथींनी आग्रह धरला, की सचिवांनी खेळावरही बोलावे. कारण उन्हाळ्यात आयपीएल सुरू झाली की लॉबीत आणि सॉर्टिंगच्या टेबलावर एकच वाद चालतो. एक म्हणतो, "मुंबईकडे पैसा आहे, म्हणून मुंबई जिंकते." दुसरा म्हणतो, "पैशाने सगळे होत असते तर दिल्ली का जिंकत नाही?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मी मॅट्रिक शिकलेला माणूस आहे, क्रिकेटचा पंडित नाही. पण करार, पगार आणि भरती या गोष्टींत माझी उमर गेली. त्या नजरेने मी हा प्रश्न तुमच्यापुढे मांडतो.

आधी हिशेब पाहू. २००८ साली आयपीएलचे संघ लिलावात विकले गेले. सर्वांत महाग गेला मुंबईचा, सुमारे ११ कोटी १९ लाख डॉलरला. सर्वांत स्वस्त गेला जयपूरचा, ६ कोटी ७० लाख डॉलरला. पहिला चषक जयपूरने नेला आणि मुंबई पाचवी आली. जयपूरच्या त्या संघात आपल्या गोव्याचा स्वप्निल अस्नोडकर सलामीला खेळत होता. लिलावाआधी त्याचे नाव किती जणांनी ऐकले होते?

पुढे मुंबईने २०१३ ते २०२० या काळात पाच वेळा चषक जिंकला, हेही खरे. पण तीच मुंबई २०२२ आणि २०२४ साली तळाला होती. देशाची राजधानी असलेल्या दिल्लीला २०२५ पर्यंत एकदाही चषक मिळाला नाही. बंगळूर हे पैशाचे आणि कारखानदारीचे शहर. त्याला पहिला चषक मिळायला अठरावा हंगाम, म्हणजे २०२५ साल उजाडावे लागले. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात लखनौने ऋषभ पंतला २७ कोटींना घेतले. तोपर्यंत एवढी बोली कोणावरच लागली नव्हती. लखनौचा संघ सातवा आला.

कबड्डीत तर आपल्याच माणसाचे उदाहरण आहे. पवन सेहरावत हा रेल्वेचा खेळाडू. २०२३ साली हैदराबादच्या तेलुगू टायटन्सने त्याला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. प्रो कबड्डीत तोवर एवढी किंमत कोणाला आली नव्हती. त्या हंगामात त्याचा संघ शेवटचा आला. आणि २०१६-१७ मध्ये लागोपाठ तीन वेळा ही स्पर्धा जिंकली ती पाटण्याने. पाटणा काही धनिकांचे शहर म्हणून ओळखले जात नाही.

असे का होते? लिलावात सर्व संघांची थैली सारखी असते. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येकाला १२० कोटींची मर्यादा होती. मालक कितीही गडगंज असो, त्याच्यापुढे जाता येत नाही. शिवाय दूरदर्शनच्या हक्कांच्या पैशातून सर्वांना वाटा मिळतो. म्हणून छोटे शहर मोठ्याला टक्कर देऊ शकते.

जिथे अशी सारखी थैली नाही, तिथे काय होते तेही पाहा. इंग्लंडमधल्या फुटबॉलमध्ये मँचेस्टर सिटी हा क्लब १९६८ नंतर कधी लीग जिंकला नव्हता. २००८ साली अबू धाबीच्या राजघराण्यातील धनिकाने तो विकत घेतला. २०१२ ते २०२४ या काळात त्याने आठ वेळा लीग जिंकली. मध्येच २०१६ साली लेस्टरसारख्या लहान शहराचा क्लब पहिला आला, पण जगभर त्याची बातमी झाली ती अपवाद म्हणूनच. म्हणजे पैसा जिंकतो की नाही, हे नियम ठरवतो. कामगार चळवळीत आपण हेच शिकलो आहोत. किमान वेतनाचा कायदा नसता तर बाजाराने मजुराला काय दिले असते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पण या नियमाची दुसरी बाजूही आहे आणि ती सहसा कोणी बोलत नाही. थैलीची मर्यादा ठरवताना खेळाडूला कोणी विचारले? २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. म्हणजे हंगामाला साडेनऊ हजार कोटींहून जास्त. २०२५ च्या हंगामात दहा संघांच्या थैल्यांची बेरीज होती १,२०० कोटी. सामन्याचे मानधन वेगळे मिळते, पण त्याने चित्र फारसे बदलत नाही. अमेरिकेत बास्केटबॉलच्या खेळाडूंची युनियन आहे. ती वाटाघाट करून उत्पन्नाचा जवळपास निम्मा हिस्सा खेळाडूंकडे आणते. तिथल्या बेसबॉल खेळाडूंनी १९६६ साली मार्विन मिलर यांना आपल्या संघटनेचे प्रमुख नेमले. हा माणूस पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेला. दोन वर्षांत त्यांनी मालकांशी पहिला सामूहिक करार केला आणि किमान वेतन ६ हजार डॉलरवरून १० हजारांवर नेले. आपल्याकडे २०१९ साली क्रिकेटपटूंची एक संघटना झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची. मैदानात उतरणाऱ्या खेळाडूंची युनियन नाही. कोटींचे आकडे दोन-चार नावांपुढे दिसतात, बाकीच्यांना हंगाम संपल्यावर पुढच्या लिलावाची वाट पाहावी लागते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण सगळे पंडरीच्या कापड बाजारात जातो. दुकान मोठे, रोषणाई झगमगीत, शेठजी गादीवर. पण कापड त्याने विणलेले नसते. ते सुरतचे, भिवंडीचे, इचलकरंजीचे. मोठ्या शहरांचे संघ म्हणजे अशी दुकाने. मग माग कुठे आहे?

मुंबईचेच घ्या. २०२४ साली मुंबईने रणजी करंडक बेचाळिसाव्यांदा जिंकला. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे तर तो मुंबईबाहेर गेलाच नाही. हे शहराच्या श्रीमंतीमुळे झाले का? एका अर्थाने हो. त्या श्रीमंतीने तेव्हा खेळाडूला नोकरी दिली. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. टाटा, मफतलाल, एसीसी यांचे संघ होते आणि टाइम्स शील्डमध्ये कचेऱ्या एकमेकींशी भिडत. चाळीतला मुलगा मैदानावर चमकला की त्याला कचेरीत खुर्ची मिळे आणि घरची चूल पेटती राही. मग तो निर्धास्तपणे खेळे.

मुंबईबाहेरच्या मुलांसाठी ही खुर्ची कोणी दिली? मुख्यतः रेल्वेने. महेंद्रसिंह धोनी २००१ ते २००३ या काळात खरगपूरला तिकीट तपासनीस होता. खरगपूर दक्षिण पूर्व रेल्वेत, आणि आपला बिलासपूर झोन एप्रिल २००३ मध्ये झाला, त्याआधी आपले रायपूरही त्याच रेल्वेत होते. पाच वर्षांनी चेन्नईने त्याला १५ लाख डॉलरला घेतले. रेल्वेचा फिरकी गोलंदाज कर्ण शर्मा २०१६ ला हैदराबादकडून, २०१७ ला मुंबईकडून आणि २०१८ ला चेन्नईकडून विजेत्या संघात होता. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे मध्य रेल्वेचा कर्मचारी. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. नेमबाजीला तर लिलावही नसतो आणि शेठजीही नसतो.

भगिनींचे उदाहरण याहून बोलके आहे. महिला क्रिकेटला पैसा नव्हता, प्रेक्षक नव्हते, त्या काळात डायना एडलजी, मिताली राज, हरमनप्रीत कौर यांना रेल्वेने नोकरी दिली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताने महिला विश्वचषक जिंकला. त्या संघातील स्नेह राणा, रेणुका सिंह आणि प्रतिका रावल या रेल्वेच्या. २०२३ साली महिलांच्या लिलावात कोटींच्या बोल्या लागल्या, याचा आनंदच आहे. पण त्याआधीची कितीतरी वर्षे त्यांना खेळत ठेवले ते महिन्याच्या पगाराने.

आणि असा पगारदार संघ धनवंतांना हरवूही शकतो. २००१-०२ आणि २००४-०५ या दोन्ही हंगामांत रणजी करंडक रेल्वेने जिंकला. डिसेंबर २०१९ मध्ये वानखेडेवर अजिंक्य रहाणे, पृथ्वी शॉ, सूर्यकुमार यादव असलेल्या मुंबईला रेल्वेने तिसऱ्याच दिवशी दहा गडी राखून हरवले.

शेजारच्या नागपूरकडे पाहा. १९५६ पर्यंत ती आपलीही राजधानी होती आणि आपल्यापैकी अनेकांची सोयरीक तिथे आहे. विदर्भाला पूर्वी कोणी गणतीत धरत नसे. त्या संघाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला. शेवटच्या खेपेला उपांत्य फेरीत मुंबईलाच हरवले. त्यांनी चंद्रकांत पंडितांसारखा कडक प्रशिक्षक आणला, वासिम जाफरसारखा अनुभवी खेळाडू घेतला आणि पोरांच्या अकादमीवर खर्च केला. पैसा त्यांनीही वापरला, पण माग उभारायला.

आपल्या रायपूरचे काय? नव्या रायपुरात शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचे भव्य स्टेडियम आहे. २०१३, २०१५ आणि २०१६ साली आयपीएलचे सामने तिथे झाले, ते दिल्लीच्या संघाचे दुसरे घर म्हणून. २१ जानेवारी २०२३ रोजी पहिला आंतरराष्ट्रीय सामनाही झाला. छत्तीसगडला रणजीत स्थान मिळाले २०१६ साली. पण गुण इथे नाही असे नाही. भिलाईत जन्मलेला, छत्तीसगडकडून खेळणारा शशांक सिंह डिसेंबर २०२३ मध्ये पंजाबने २० लाखांना घेतला. त्या हंगामात त्याने ३५४ धावा केल्या. पुढच्या खेपेला त्याच पंजाबने साडेपाच कोटी मोजून त्याला ठेवून घेतले. २०२५ च्या अंतिम सामन्यात त्याने ३० चेंडूंत नाबाद ६१ धावा केल्या आणि पंजाब अवघ्या सहा धावांनी हरले. २० लाखांच्या वेळीही तो हाच खेळाडू होता.

साथींनो, हा माग आज नीट चालतो आहे का? २०१६ साली क्रिकेट मंडळाच्या सुधारणांत रेल्वे, सेनादल आणि विद्यापीठे यांचा मताचा अधिकार काढून घेतला गेला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पूर्ण सदस्यत्व परत दिले. हे चांगले झाले. पण मत परत मिळाले म्हणून मुलाला नोकरी मिळत नाही. जी कामे ठेक्यावर गेली, त्या कामांवर खेळाडूची भरती होत नाही, कारण ठेकेदाराकडे क्रीडा कोटा नसतो. आणि भरती झाली तरी सगळे संपत नाही. एका कचेरीत राज्य पातळीवर निवड झालेल्या एका मुलाचा रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून राहिला. मंजुरी हातात आली तेव्हा स्पर्धा सुरू होऊन दोन दिवस झाले होते. तो मुलगा आजही ड्यूटी करतो, पण त्याने बूट कायमचे काढून ठेवले आहेत.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. रेल्वे आणि टपाल, दोन्ही खात्यांत क्रीडा कोट्याच्या जागा दर वर्षी पूर्ण भराव्यात. निवड झालेल्या कर्मचाऱ्याची विशेष रजा ठरलेल्या मुदतीत मंजूर व्हावी, साहेबांच्या मर्जीवर नको. कॉलन्यांतील मैदाने खेळासाठी राखावीत, तिथे गोदाम किंवा लग्नाचा मांडव नको. आणि टपाल व रेल्वेच्या खात्यांतर्गत स्पर्धा वेळापत्रकाप्रमाणे व्हाव्यात. यासाठी लिलावासारखे कोट्यवधी लागत नाहीत. शाखांनी आपापल्या ठिकाणी रिकाम्या क्रीडा जागांची यादी करून पुढच्या बैठकीपूर्वी माझ्याकडे द्यावी, एवढे काम मी आज तुमच्यावर सोपवतो.

आयपीएल जरूर पाहा. कोणी मुंबईच्या नावाने टाळ्या वाजवो, कोणी पंजाबच्या. पण पडद्यावर खेळाडूच्या नावापुढे कोटींचा आकडा आला, की तो आधी कुठे नोकरीला होता, हेही पोराबाळांना सांगत जा.