अडॅप्टर घेण्याआधी चार्जरवरची बारीक ओळ वाचा

मास्टर्सला जाणारे, ऑनसाइटला निघालेले, मुलांकडे अमेरिकेला जाणारे आई-बाबा, सगळ्यांचा एक कॉमन प्रश्न असतो: ‘अडॅप्टर कुठला घेऊ?’ आज त्यावरच बोलूया.

आधी एक काम करा. एपिसोड पॉज करा आणि फोनचा चार्जर हातात घ्या. त्यावर अगदी बारीक अक्षरात ‘इनपुट’ लिहिलेलं असतं. पुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं दिसलं का? मग हा चार्जर जगात जवळपास कुठेही चालतो, फक्त पिना जुळायला हव्यात. लॅपटॉप आणि कॅमेऱ्याच्या चार्जरवरही बहुतेक वेळा हेच असतं.

आता घरातला हेअर स्ट्रेटनर किंवा केटल बघा. तिथे बऱ्याचदा फक्त २३० व्होल्ट किंवा २२०-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. त्यामुळे आपली केटल अमेरिकेत लावली तर तिची ताकद जेमतेम पाव उरते, चहाचं पाणी तापता तापत नाही. उलटं केलं तर जास्त धोका. तिकडून आणलेला १२० व्होल्टचा हेअर ड्रायर इथे लावला, की कॉइल साडेतीनपटीहून जास्त वीज ओढायला जाते. मग जळका वास, धूर, कधी कधी आगसुद्धा.

केटलचं ठीक आहे हो, तिकडे नवीन घेता येते. पण बाबांचं नेब्युलायझर? घरी वापरायच्या बऱ्याच मशीनवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ एवढंच असतं. अमेरिकेत ते अडॅप्टरवर लावलं तर कॉम्प्रेसर नीट दाब देणार नाही, म्हणजे औषध नीट आत जाणार नाही. आणि हे कळणार कधी, तर रात्री दोन वाजता दम लागल्यावर! म्हणून औषधोपचाराच्या प्रत्येक मशीनचं लेबल निघायच्या आधीच वाचा. जुळत नसेल तर डॉक्टरांना विचारून दोन्ही व्होल्टेजवर किंवा बॅटरीवर चालणारं मशीन घ्या.

आता पिना. आपला गोल तीन पिनांचा प्लग म्हणजे टाइप डी. ब्रिटन, सिंगापूर, मलेशिया, दुबईत टाइप जी, तीन जाड चौकोनी पिना. अमेरिका-कॅनडात टाइप ए आणि बी, म्हणजे दोन चपट्या पिना, बी मध्ये अर्थिंगची तिसरी. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी दोनच चपटी भोकं, त्यामुळे अमेरिकेचा तीन पिनांचा प्लग तिथे अडतो. ऑस्ट्रेलियात टाइप आय, तिरक्या पिना. जर्मनीत टाइप एफ, त्यात आपला दोन गोल पिनांचा बारीक चार्जर बऱ्याचदा तसाच बसतो. पण युरोप म्हणजे सगळीकडे एकच प्लग नाही हां, स्वित्झर्लंडचा टाइप जे वेगळा आहे.

लॅपटॉपसाठी एक स्वस्तातली युक्ती. चार्जरच्या ठोकळ्यापासून भिंतीपर्यंतची वायर बहुतेक वेळा सुटी होते. त्या देशाचा प्लग असलेली तीच वायर घ्या, अडॅप्टरच लागणार नाही. शिवाय अर्थिंगही मिळतं. बऱ्याच युनिव्हर्सल अडॅप्टरमध्ये अर्थिंग जोडलेलंच नसतं, म्हणून धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं.

शेवटचं म्हणजे लोड. अडॅप्टरवर किती अँपियर लिहिलंय ते बघा. ६ अँपियर असेल तर २३० व्होल्टवर साधारण १३८० वॅट, पण १२० व्होल्टवर फक्त ७२० वॅट. फोन, लॅपटॉप आरामात चालतील. इस्त्री किंवा केटल मात्र त्यावर लावू नका.

तर क्रम लक्षात ठेवा: आधी व्होल्टेज, मग पिना, मग अर्थिंग आणि अँपियर. दुकानदार बहुतेक वेळा फक्त ‘कुठल्या देशात जाताय’ एवढंच विचारतो. काय काय लावणार आहात, हे तुम्हालाच बघावं लागतं.

घरातलं कोणी निघालं असेल तर हा एपिसोड फॅमिली ग्रुपवर टाका, आणि आई-बाबांची बॅग भरताना लेबलं तुम्ही स्वतः वाचा. ती अक्षरं त्यांना चष्मा लावूनही दिसत नाहीत. चला, भेटू पुढच्या भागात!