सयाम रेल्वेचे मजूर



आज मी ज्या आजोबांविषयी बोलणार आहे, ते कोणा एका घराचे नव्हेत. मलायातील रबराच्या मळ्यांत राबणाऱ्या हजारो तमिळ मजुरांना १९४३ साली जपानी लष्कराने सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेले. कुणाला चांगल्या मजुरीचे आमिष दाखवून, कुणाला सरळ उचलून. ४१५ किलोमीटरचा तो मार्ग सुमारे वर्षभरात पुरा झाला. निबिड अरण्य, अखंड पाऊस, उपासमार आणि त्यात पटकीची साथ! युद्धकैद्यांपाशी निदान त्यांचे स्वतःचे डॉक्टर होते. मजुरांच्या बहुतेक छावण्यांत तेही नव्हते.

दोस्त राष्ट्रांचे १२ हजारांहून अधिक कैदी तेथे मृत्यू पावले. त्यांतील बहुतेकांच्या कबरी नावानिशी जपलेल्या आहेत. आशियाई मजुरांच्या मृत्यूंचा आकडा मात्र अंदाजानेच सांगावा लागतो. तो सुमारे ९० हजार मानला जातो. क्वाय नदीवरील पुलाचा १९५७ चा चित्रपट आपण कौतुकाने पाहिला, पण त्यात हे आपले लोक कुठे होते?

जे वाचले, ते मळ्यांत परतले आणि पुन्हा रबराच्या झाडांना खाचा पाडू लागले. घरी फारसे बोललेही नाहीत. मलेशियातील त्यांची नातवंडे आज माणसाचे नाव आणि त्याचा मळा, एवढे तरी नोंदवून ठेवण्यासाठी धडपडत आहेत.