घंटागाडी गेल्यानंतर

कामोठ्यांत सकाळीं घंटागाडी येऊन गेली, कीं दारांतला डबा रिकामा होतो आणि गृहिणीच्या मनांतूनहि तो विषय जातो. घरांतील कर्ता पुरुष मानसरोवर स्टेशनावर लोकल पकडून मुंबईस निघतो. मानखुर्द मागें पडून गोवंडी आलें, कीं नाकास रुमाल लावतो. मुंबईचा कचरा जातो कोठें, तें श्रोत्यांनीं येथें उतरून पाहावें.

देवनार येथें मुंबई १९२७ पासून आपला कचरा टाकीत आली. सुमारें १३२ हेक्टरांची ही भूमि, पलीकडे ठाण्याची खाडी. प्रारंभीं ही दलदल वस्तीपासून दूर होती. पुढें शहरांतील झोपड्या उठवून त्यांतील माणसें या ढिगांच्या आसपास आणून बसविण्यांत आलीं. लोक आपण होऊन कचऱ्याशेजारीं राहावयास गेले, हें म्हणणें म्हणूनच अर्धेंच खरें.

ओला कचरा थरांखालीं हवेविना कुजला, कीं त्यांतून मिथेन हा ज्वालाग्राही वायु निघतो. वरून पाणी मारलें तरी आंत आग धुमसत राहते. जानेवारी २०१६ मध्यें ती अशी भडकली, कीं तिचा धूर उपग्रहाच्या चित्रांत दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पण धूर नसलेले दिवस तरी कसे जातात? पावसाळ्यांत पाझरणारें काळें पाणी, माशा, खोकणारीं मुलें, कांचांनीं कापलेले कचरावेचक बायकांचे हात. क्षयाचाहि या विभागांत मोठा जोर. त्याचें खापर एकट्या कचऱ्यावर फोडतां येणार नाहीं. पुनर्वसनाच्या कित्येक इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत, कीं खालच्या घरांत ऊन शिरत नाहीं, आणि अर्धपोटीं शरीर रोगास थोपवीत नाहीं. मात्र हीं सारीं दुःखें एकाच माणसाच्या वांट्यास यावींत, हा योगायोग नव्हे.

रुग्णालयांतील कचरा जाळण्याची भट्टीहि याच भागांत उभारलेली. रहिवासी न्यायालयांत गेले. २०२३ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें ती दोन वर्षांत खालापूर तालुक्यांत हलविण्यास सांगितलें. गोवंडीकरांना न्याय मिळाला खरा. पण खालापूर म्हणजे पनवेलचा शेजारचाच तालुका!

ओला व सुका कचरा घरींच वेगळा करावा, हें बंधन केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनीं घातलें. भाजीचे देंठ आणि उष्टें-खरकटें सोसायटीच्या आवारांतच खतासाठीं कुजविलें, तर मिथेन होण्यास फारसें उरत नाहीं. एकदां गाडींत सारें कालवलें गेलें, कीं तें निवडण्याचें काम पुन्हां त्याच कापलेल्या हातांकडे जातें.