वाड्यातलं सागवान, फ्लॅटमधल्या घरात

पुण्या-नाशिकचे जुने वाडे पडू लागले, तसं त्यांतलं लाकूडसामान बाजारात आलं. झोपाळे, पेटारे, फडताळं. आज तेच फ्लॅटच्या दिवाणखान्यात मानाने मिरवतं.

याचं मोठं श्रेय सागवानाला. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. घडणही तशीच पक्की. जुन्या पेटाऱ्याचा कोपरा जवळून पाहावा: एका फळीचे दाते दुसरीच्या खाचांत घट्ट बसलेले, आणि पृष्ठभागावर हातरंध्याच्या पुसट लाटा. बोट फिरवलं की त्या जाणवतात. यंत्रावर गुळगुळीत केलेल्या फळीत हे सुख नाही!

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले कोरीव दरवाजे पाहिले, की त्या काळच्या सुतारांचं कसब कळतं.

असं सामान घरी आणलं, तर ते तासून नवंकोरं करण्याची घाई मात्र नको. वर्षानुवर्षांच्या हाताळणीने आलेली झळाळी एकदा गेली, की परत येत नाही. आधी सांधे तपासावेत. खाली बारीक भुकटी पडत असेल, तर किडीचा बंदोबस्त करूनच ते घरात घ्यावं. पॉलिश करायचंच, तर स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख पातळ थरात लावावी.