‘कॉम्प्युटर’ नावाचा माणूस

मी बँकेत लागलो तेव्हा व्याजाचे आकडे आम्ही हातानेच काढत असू. पुढे शाखेत कॉम्प्युटर आला. तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी हळूच म्हणाले, “आता आपलं काम हा करणार.” त्यांचं बोलणं किती अचूक होतं, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. कारण हा शब्द मुळात यंत्राचा नव्हेच, तो माणसाचा!

लॅटिनमध्ये ‘कॉम्प्युतारे’ म्हणजे हिशेब करणे. त्यावरून इंग्रजीत ‘कॉम्प्युट’ आलं आणि हिशेब करणारा तो ‘कॉम्प्युटर’ झाला. १६१३ सालच्या एका इंग्रजी पुस्तकात हा शब्द माणसासाठीच आला आहे. पुढे तो चक्क हुद्दा झाला. वेधशाळेत, भूमापनात, जिथे म्हणून आकडेमोडीचा ढीग असे, तिथे कॉम्प्युटर नेमले जात.

असे एक कॉम्प्युटर आपल्याकडेही होते. कोलकात्याचे राधानाथ सिकदर १८३१ साली, ऐन अठराव्या वर्षी, हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात या पदावर रुजू झाले आणि पुढे मुख्य कॉम्प्युटर झाले. हिमालयातल्या ‘शिखर क्रमांक १५’च्या उंचीचं गणित करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८५६ मध्ये ती उंची जाहीर झाली : २९,००२ फूट. जगातलं सर्वांत उंच शिखर! १८६५ साली त्याला नाव मिळालं ते मात्र निवृत्त सर्वेक्षणप्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांचं. सर्वेक्षणाच्या १८५१ सालच्या मार्गदर्शक ग्रंथात सिकदरांच्या कामाची आदरानं दखल घेतली होती. १८७० साली ते वारले आणि १८७५ च्या आवृत्तीतून ती नोंदही गेली.

अमेरिकेत तर अनेक स्त्रिया कॉम्प्युटर होत्या. १९६२ साली अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा यंत्रानं काढलेले आकडे कॅथरीन जॉन्सन यांनी हातानं तपासावेत, असा त्यांनी आग्रह धरला. या बाईंची नेमणूकही १९५३ साली ‘कॉम्प्युटर’ म्हणूनच झाली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली. त्यांनी माणसाचं काम घेतलं, आणि कामाबरोबर हुद्दाही घेतला. गंमत अशी, की पुढे शकुंतलादेवींचं कौतुक करताना जगाला ‘मानवी कॉम्प्युटर’ असं म्हणावं लागलं. जो शब्द माणसाचाच होता, त्याला ‘मानवी’ हे विशेषण जोडण्याची वेळ आली!

आपला ‘संगणक’ शब्दही पाहा. लेखक, गायक, शिक्षक यांच्याच पंगतीतला तो. या सगळ्यांत काम करणारा माणूस असतो, फक्त संगणकातून तो उठून गेला आहे. शब्दांचे अर्थ बदलायचेच, त्याला इलाज नाही. पण ज्यांनी तो शब्द आयुष्यभर हुद्दा म्हणून वागवला, त्यांचं काम विसरायचं कारण नाही. कॉम्प्युटर सुरू करताना कधीतरी राधानाथ सिकदरांची आठवण काढा, एवढंच.