गेम घरात, किल्ली कंपनीकडे

(वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

आज समोर दोन पिढ्या बसलेल्या दिसताहेत. एका पिढीने गेमची तबकडी शर्टाच्या टोकाने पुसून, उजेडात धरून ओरखडे पाहून, पुन्हा प्लेस्टेशनमध्ये घातली आहे. दुसरीने बहुतेक गेम डाउनलोड करूनच खेळले आहेत. या दोघींनाही लागू पडणारा एक प्रश्न घेऊन मी आलो आहे. पैसे देऊन घेतलेला गेम आपल्या यंत्रातल्या हार्ड डिस्कवर असतो, तेव्हा तो आपला असतो का?

माझे म्हणणे आधीच सांगतो. तबकडीवरचा गेम हार्ड डिस्कवर उतरवणे ही तांत्रिकदृष्ट्या एकच कृती आहे. पण ती कोणी करायची आणि त्या प्रतीची किल्ली कोणाच्या हाती राहायची, यावर सगळे ठरते. ती किल्ली गेम विकत घेणाऱ्याकडे आणि सार्वजनिक ग्रंथालयांकडे असली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मुळात तबकडी सोडायची गरज का पडली, ते पाहू. सोनीचे पहिले प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आले. त्याचा सीडी ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ३०० किलोबाइट वाचायचा आणि यंत्राची मुख्य मेमरी होती २ मेगाबाइट. म्हणजे ती एकदा भरायलाच सात सेकंद. त्यात लेझर एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकवण्याचा वेळ वेगळा. ग्रामोफोनची सुई उचलून दुसऱ्या गाण्यावर ठेवावी तसे हे काम आहे, फक्त मिनिटाला अनेकदा करायचे.

गेम करणाऱ्यांनी या अडचणीवर केलेल्या युक्त्या मला फार मोलाच्या वाटतात. कॅपकॉमच्या १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये प्रत्येक खोलीत शिरताना अंधारात एक दार हळूहळू उघडते. ते पाहताना छातीत धडधडते, आणि तेवढ्यात पुढची खोली तबकडीवरून मेमरीत येते. नामकोच्या ‘रिज रेसर’ने तर लोडिंगच्या वेळात ‘गॅलॅक्सियन’ हा छोटा गेम खेळायला दिला. ‘रिज रेसर’ सगळा एकदा मेमरीत गेला की तबकडीची गरज संपायची. मग ती काढून आपल्या आवडत्या गाण्यांची सीडी घालावी आणि त्या संगीतावर गाडी पळवावी! तबकडीविना गेम चालवण्याची ही पहिली चव अनेकांना तिथेच मिळाली.

उलट टोकाला नॉटी डॉग कंपनीचा ‘क्रॅश बँडिकूट’ होता. त्याचे टप्पे इतके मोठे होते की ते मेमरीत मावतच नव्हते. त्यामुळे ६४ किलोबाइटचे तुकडे करून, खेळाडू धावत असतानाच ते तबकडीवरून सतत उचलले जात. या गेमचे एक निर्माते अँडी गॅव्हिन यांनी पुढे लिहून ठेवले आहे की ड्राइव्ह सुमारे ७०,००० वाचनांच्या हिशेबाने बनवला होता आणि हा गेम पूर्ण खेळला तर वाचने व्हायची सुमारे १,२०,०००. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. तबकडी झिजते हे सगळ्यांना दिसते, पण तिच्या आधी बहुधा ती वाचणारी लेन्स जाते. जुने प्लेस्टेशन घेऊन दुरुस्तीला गेलात की पहिले वाक्य ऐकू येते ते हेच: लेन्स गेली आहे.

पुढच्या वीस वर्षांत मेमरी आणि तबकडी यांची जोडी फुटत गेली. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये ८ गिगाबाइट मेमरी होती, म्हणजे पहिल्या यंत्राच्या चार हजार पटींहून जास्त. ब्ल्यू-रे ड्राइव्हचा वेग होता सेकंदाला सुमारे २७ मेगाबाइट, म्हणजे पहिल्याच्या नव्वद पट. तबकडीवरून ती मेमरी भरायची ठरवली असती तर पाच मिनिटे लागली असती. इतका वेळ कुठल्या दाराच्या मागे लपवणार? गेम हार्ड डिस्कवर उतरवणे त्यामुळे अपरिहार्यच झाले.

पण कंपन्यांनी ते सक्तीचे करण्याच्या कितीतरी आधी काही खेळाडूंनी ते स्वतःहून केले होते, आणि माझ्या दृष्टीने आजच्या विषयाचा गाभा तिथे आहे. प्लेस्टेशन २, २००० सालचे. त्याच्या मागच्या बाजूला एक मोकळा कप्पा होता. त्यात नेटवर्क अडॅप्टर आणि संगणकाची साधी हार्ड डिस्क बसायची. २००४ मध्ये अमेरिकेत सोनीने स्वतः ४० गिगाबाइटची हार्ड डिस्क ‘फायनल फँटसी ११’ या ऑनलाइन गेमसोबत विकली. बाहेरच्या लोकांनी त्या कप्प्याचा दुसरा उपयोग शोधला: गेमची अख्खी तबकडी हार्ड डिस्कवर उतरवायची आणि तिथूनच चालवायची. ‘एचडी लोडर’ नावाचा प्रोग्राम त्यासाठी विकला जाऊ लागला. त्यानंतर हौशी प्रोग्रामरांनी ‘ओपन पीएस२ लोडर’ लिहिला, तो फुकट दिला आणि तो आजही सुधारला जातो आहे. त्याच २००४ साली आलेल्या सडपातळ प्लेस्टेशन २ मधून मात्र तो कप्पा गायब झाला होता.

मग लोक यूएसबीकडे वळले आणि तिथे एक चमत्कारिक अडचण आली. या यंत्राचे यूएसबी जुन्या पद्धतीचे, त्याची कमाल मर्यादाच सेकंदाला दीड मेगाबाइट. डीव्हीडी ड्राइव्ह मात्र पाच मेगाबाइटच्या वर वाचायचा. त्यामुळे पेन ड्राइव्हवरून गेम चालायचा, पण मधले चित्रफितीचे प्रसंग अडखळायचे. ज्यांच्याकडे जुने जाड यंत्र आणि आतली हार्ड डिस्क होती, त्यांचा गेम सुरळीत, पुष्कळदा तबकडीपेक्षा लवकर सुरू व्हायचा. लेन्स मेलेली यंत्रे पुन्हा चालू लागली. एरवी भंगारात गेली असती अशी यंत्रे! आज सेगाच्या ड्रीमकास्टसारख्या यंत्रांत अख्खा तबकडी ड्राइव्ह काढून त्या जागी मेमरी कार्ड वाचणारा बोर्ड बसवतात, तेही याच वाटेने.

आता पायरसीचा विषय टाळून मी पुढे जाणार नाही. भाड्याने आणलेली तबकडी संध्याकाळी हार्ड डिस्कवर उतरवायची आणि सकाळी परत करायची, हे याच साधनाने शक्य होते आणि लोकांनी ते केले. आपल्याकडे तर नकली तबकड्या चालवणारी चिप बसवलेले प्लेस्टेशन आणि तशा तबकड्यांची चळत हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे ओळखीचे दृश्य होते. गेम बनवणाऱ्यांच्या कष्टाचे पैसे त्यांना मिळाले पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण ज्याने पूर्ण किंमत मोजून तबकडी घेतली, त्याने ती कपाटात ठेवून तिची प्रत चालवणे आणि ज्याने काहीच मोजले नाही त्याने ती प्रत उचलणे, या दोन गोष्टी एकाच दोरीने बांधण्यात आल्या. पहिल्याचा हक्क दुसऱ्याच्या नावाखाली बुडाला, ही माझी तक्रार आहे.

कंपन्यांनी स्वतः हा मार्ग घेतला तेव्हा काय केले? नोव्हेंबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी गेम पूर्णपणे हार्ड डिस्कवर उतरवण्याची सोय दिली. त्या यंत्राचा ड्राइव्ह फिरताना फार आवाज करायचा. तो थांबला, लेन्सला विश्रांती मिळाली. पण खेळताना तबकडी ड्राइव्हमध्ये असावीच लागे. गेम वाचला जायचा हार्ड डिस्कवरून आणि तबकडी उरली केवळ ओळखपत्र म्हणून. एक गंमतशीर अपवाद ‘हॅलो ३’चा. तो आधीपासूनच हार्ड डिस्कचा एक भाग तात्पुरत्या साठवणुकीसाठी इतक्या हुशारीने वापरत होता की पूर्ण उतरवला तर उलट हळू सुरू व्हायचा. सोनीच्या प्लेस्टेशन ३ वर काही गेम आधी उतरवल्याशिवाय चालतच नसत. ‘मेटल गिअर सॉलिड ४’ तर अंकागणिक नवा भाग उतरवायचा आणि तोवर नायक पडद्यावर सिगारेट ओढत बसायचा.

मग आले २०१३. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनचे नियम मांडले. गेम हार्ड डिस्कवर उतरला की तबकडी लागणार नाही, पण यंत्राने दर २४ तासांनी इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी लावायची आणि जुना गेम दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधने. खेळाडूंनी असा गदारोळ केला की १९ जूनला कंपनीने हे नियम मागे घेतले. तबकडी पुन्हा ओळखपत्र झाली. तो विजय म्हणून साजरा झाला आणि तो होताच. तरी मला त्यातली एक गोष्ट खटकते. त्या सगळ्या वादात प्रत कुणाच्या हुकमतीत राहणार, हा प्रश्न कुणी तडीस नेला नाही. कंपनी थांबली, आणि तिला घाईही नव्हती. तबकडी आपोआप रिकामी होत चालली होती.

किती रिकामी? २०१५ मध्ये ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर ५’ आला. तबकडीवर सुमारे ४.६ गिगाबाइट आणि पहिल्याच दिवशी डाउनलोड करायची पुरवणी (पॅच) ७.७ गिगाबाइट. ती न घेता फक्त शिकवणीचा भाग आणि मैदान रचण्याचा भाग खेळता यायचा. बाकीचा गेम दुकानातून आणलेल्या डब्यात नव्हताच. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या २०१४ च्या गाड्यांच्या गेमची कथा याहून कडू. तो एकट्याने खेळायचा असला तरी सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले. तबकडी घरात, गेम हार्ड डिस्कवर, पण चालणार नाही. यातून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली आणि तिची मागणी अगदी माफक आहे: सर्व्हर बंद करायचा तर जाताना गेम चालू राहील अशी व्यवस्था करून जा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने डिजिटल गेम विकणाऱ्या दुकानदारांना इतके तरी भाग पाडले की आपण गेम नव्हे, वापराचा परवाना विकतो आहोत, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

गेम विकणारी ऑनलाइन दुकानेही मिटत गेली. निंटेंडोने वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केले, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चे जुलै २०२४ मध्ये. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळत नव्हते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची कामगिरी जाणणाऱ्या श्रोत्यांना या आकड्याचा अर्थ उलगडून सांगायला नको. ‘आलम आरा’ आपण गमावला आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ अपुरा उरला आहे. चित्रपटाच्या बाबतीत जाग येऊन हे संग्रहालय उभे राहायला १९६४ उजाडले.

आपल्या कायद्यात काय आहे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नाश किंवा नुकसान यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणे त्याने गुन्हा ठरवले. हेतूची ही अट महत्त्वाची आहे आणि ती आपल्या कायदेकर्त्यांनी विचारपूर्वक ठेवली, याचे मला समाधान आहे. पण कायद्यात गेमचे नाव नाही आणि गेम म्हणजे नुसता प्रोग्राम नव्हे. त्यात संगीत असते, चित्रे असतात, अभिनय असतो. ती मुभा या सगळ्याला स्पष्ट शब्दांत लागू करावी. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात प्रकाशकाने गेमची प्रत जमा करणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह आणखी तीन ठिकाणी जाते. त्या कायद्यात गेमची भर घालायला काय हरकत आहे?

हे परक्यांचे दुखणे आहे असे कुणाला वाटत असेल तर प्लेस्टेशन २ कडेच परत या. २००९ मध्ये त्यावर ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’ हे हैदराबादेत बनलेले गेम निघाले. ‘देसी अड्डा’त कबड्डी होती, विटीदांडू होता, पतंग होता. भारतात पूर्णपणे बनलेल्या कन्सोल गेमच्या पहिल्या पिढीतली ही नावे. गेम म्हणून ते फार थोर होते असा दावा मी करणार नाही. पण आपल्या पोरांनी गच्चीवर उडवलेला पतंग पहिल्यांदा या यंत्रावर कसा उडाला, हे उद्याच्या अभ्यासकाला पाहता आले पाहिजे.

म्हणून आज घरी गेल्यावर माळा उघडा. प्लेस्टेशन आणि प्लेस्टेशन २ च्या तबकड्या संगणकाच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येतात. तबकडीला कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. तिची पूर्ण प्रत (‘इमेज’) फाइल म्हणून उतरवून घ्या आणि त्या फाइलची हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, ‘रीडंप’ या हौशी संग्राहकांच्या सूचीशी पडताळा. जुळली तर प्रत निर्दोष आहे. हार्ड डिस्कही कधीतरी बंद पडते, तेव्हा दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या घरात ठेवा. तबकडी मात्र फेकू नका, कारण ती प्रत तुमची असल्याचा पुरावा तीच आहे. डब्यावर ‘देसी अड्डा’ किंवा ‘हनुमान’ दिसले, तर व्याख्यान संपल्यावर मी इथेच थांबणार आहे, मला येऊन सांगा.