गोधडीची वही
(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला गोधडीविषयी चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा आपणां सर्वांना वाटले असेल की मी येताना दोन-चार गोधड्या बरोबर आणीन, त्या इथे पसरीन आणि टाका कसा घालावा ते दाखवीन. टाका आपणांपैकी पुष्कळजणींना माझ्याहून चांगला येतो. मी आणली आहे ती ही शंभर पानी वही. मुलांच्या शाळेची उरलेली होती. हिच्यात माझ्या घरातल्या प्रत्येक चिंधीचा हिशेब आहे. हसू नका. ही वही मला का करावी लागली ते आधी सांगते, म्हणजे मग हसायचे की नाही ते ठरवा.

माझे माहेर कोल्हापूरकडचे. तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आईच्या घरी जुन्या कपड्यांचे एकच गाठोडे असायचे, आणि त्यात काय काय आहे ते आईला तोंडपाठ असे. माझेही तसेच चालले होते. फरक एवढाच की आईच्या गाठोड्यात फक्त घरचे कपडे होते. माझ्या हातची गोधडी लोकांना आवडू लागली तशी शेजारपाजारची लुगडी, साड्या, धोतरे माझ्याकडे येऊ लागली, आणि गाठोड्याची चार गाठोडी झाली. तरी मी म्हणे, माझ्या ध्यानात राहते.

२०२१ सालच्या ज्येष्ठात शेजारच्या काकू त्यांच्या आईची दोन नऊवारी लुगडी घेऊन आल्या. एक अंजिरी, एक हिरवे तांबड्या काठाचे. आई वारून वर्ष झाले होते. मुलगा दिवाळीनंतर नोकरीसाठी दिल्लीला जायचा होता. तिकडची थंडी कडक, तेव्हा आजीच्या लुगड्यांची गोधडी त्याच्याबरोबर द्यायची असे त्यांच्या मनात होते. मी लुगडी ठेवून घेतली आणि गाठोड्यात टाकली. श्रावणात माझी भाची बाळंत झाली. दुपटी हवी होती, आणि तीही लगेच. बाळाच्या अंगाखाली घालायला वापरून वापरून मऊ झालेल्या सुती लुगड्यासारखे दुसरे काही नाही, हे आपण जाणताच. मी गाठोड्यात हात घातला, हाताला मऊ लागले ते हिरवे लुगडे ओढले, अर्धे फाडले आणि दोन दुपटी दुहेरी करून एका रात्रीत शिवली. काठ चांगला होता म्हणून तो एका पिशवीच्या बंदाला लावला. ते कोणाचे, हा विचारसुद्धा मनाला शिवला नाही.

नवरात्रात काकूंनी विचारले, "झाली का हो गोधडी?" मी घरी येऊन गाठोडे सोडले नि जागच्या जागी बसले. पुढचे आठ दिवस मी त्यांना काय सांगितले ते सांगायलाही लाज वाटते. जाड दोरा मिळत नाही म्हणाले, पाठ धरली आहे म्हणाले. नवव्या दिवशी मात्र उरलेले अर्धे लुगडे घेऊन त्यांच्या दारात गेले आणि सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी एवढेच विचारले, "दुपटी कोणत्या बाळाची?" मी सांगितले. मग म्हणाल्या, "बाळाच्या अंगाखालचे काढून आणू नका."

तरी भाचीने कळल्याबरोबर एक दुपटे धुऊन आणून दिले. दुसरे बाळाबरोबर नागपूरला गेले होते. ते दुपटे उसवून मी गोधडीच्या मधोमध लावले, पिशवीचा बंद उसवून काठही परत जोडला. मुलगा गोधडी घेऊन गेला. काकू आजही हळदीकुंकवाला येतात, आजही आल्या आहेत, आणि हे सांगण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. पण त्यानंतर त्यांच्या घरचे कापड माझ्याकडे आलेले नाही.

त्याच दिवाळीत मी ही वही घातली.

वहीला दोन तोंडे आहेत. पुढून कापड लिहायचे, मागून उलटी धरून गोधड्या लिहायच्या. कापड घरात आले की त्याला नंबर. मग तारीख, काय आहे, टेपने मोजून किती आहे, धुतले आहे की नाही. हे झाले नेहमीचे. खरे रकाने शेवटचे दोन: 'कोणाचे' आणि 'कापायचे का'. एक वाचून दाखवते. "नंबर २३. पांढरे धोतर, सुती, एका टोकाला विरलेले. वरच्या मजल्यावरच्या आजोबांचे. अस्तराला चालेल, कापायचे नाही, जसेच्या तसे लावायचे." दुसरे, "नंबर ३१. छापील साडी, माझीच. काय वाटेल ते करावे." प्रत्येक नोंदीशेजारी त्या कापडाची दोन बोटे रुंदीची चिंधी टाक्याने टाचली आहे. कापडालाही नाडीचा तुकडा शिवून त्यावर तोच नंबर घालते. शाईने लिहिले तर धुण्यात जाते, म्हणून दोऱ्याने आकडा काढते. मुलगी म्हणते, मोबाइलवर फोटो काढून ठेव. काढतेही. पण फोटोत रंग दिसतो, कापड सुती की मिसळीचे ते कळत नाही; चिंधी बोटात धरली की कळते.

मोजून लिहिण्याचा फायदा असा की गोधडीला काय पुरेल ते गाठोडे न सोडता समजते. नऊ वार म्हणजे २७ फूट. लांबीत चार घड्या केल्या की पावणेसात फुटांचे चार पदर झाले, आणि पन्हा सव्वा वाराच्या आसपास असतो, म्हणजे एका माणसाची गोधडी एका लुगड्यात. आपल्या आज्या चौघडी करीत ती याच हिशेबाने. आताच्या साडेपाच मीटरच्या साडीत तसे चार पदर येत नाहीत. तीनच येतात, सहा-सहा फुटांचे. म्हणून साडीची गोधडी पातळ वाटते, आणि ऊब हवी तर आणखी एक साडी घालावी लागते. हे लक्षात न घेता सुरू केलेल्या माझ्या दोन गोधड्या चार महिने कापडासाठी अडून बसल्या होत्या.

कापड गाठोड्यात ठेवताना पुष्कळजणी रंगाने निवडतात. मीही तसेच करीत असे. आता वजनाने निवडते. विरलेल्या लुगड्याला जाड पँटचा तुकडा जोडला, तर पहिल्याच धुण्यात शिवणीच्या कडेने लुगडे फाटते, जाडे कापड जसेच्या तसे राहते. मिसळीच्या सुळसुळीत साड्यांचे गाठोडे तर वेगळेच हवे. त्या लवकर फाटत नाहीत हे खरे, पण घाम शोषत नाहीत आणि सुईखाली सरकतात. जुने कापड उजेडापुढे धरावे, दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहावे. चर्रर आवाज आला की ते फडक्याचे, गोधडीचे नव्हे. मोह होतो, पण फडक्यालाही घरात कापड लागतेच की. नवे सुती कापड असेल तर आधी धुऊन घ्यावे, नाहीतर गोधडी धुतल्यावर ते आटते नि भोवती चुण्या पडतात. लाल आणि काळ्या कापडावर ओले पांढरे फडके घासून पाहिल्याशिवाय मी त्याला नंबरच देत नाही.

गाठोडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. पावसाळ्यात आत दमट होऊन काळे ठिपके पडतात. जुन्या सुती चादरीत बांधावे, आत वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत घालावे म्हणजे कसर लागत नाही, आणि पाऊस संपल्यावर आश्विनातल्या उन्हात सगळे एकदा पसरावे. त्याच दिवशी मी वही घेऊन बसते आणि नंबर पडताळून पाहते.

आता नमुन्यांचे. चौकोन, त्रिकोण, बर्फी यांचे साचे मी लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे करते. अशा पत्रिका घरात किती येतात ते सांगायला नको. साच्यावर माप लिहिणे पुरेसे नाही. त्यात शिवणीची माया धरली आहे की नाही तेही लिहावे. मी नुसते 'चार इंच' लिहून ठेवले होते. दोन वर्षांनी तो साचा काढला, त्या मापाने चौकोन कापले आणि शिवत गेले. एका ओळीत बारा चौकोन, म्हणजे ४८ इंच रुंदी व्हायची. भरली ४२. प्रत्येक चौकोनाचा अर्धा इंच मायेत गेला होता! आता साच्यावर लिहिते: 'शिवल्यावर चार, कापताना साडेचार.'

नमुन्याबरोबर सुरुवात कोठून केली तेही वहीत लिहावे. धावदोऱ्याने काठाकडून आत आत फिरत येण्याची आपली रीत आहे. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायकाही गोधड्या करतात; त्याही कडेने सुरू करून मध्याकडे येतात, आणि चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची फुले लावतात. फुलांवाचून त्यांना गोधडी उघडीबोडकी वाटते. असा ठराविक क्रम असला म्हणजे अर्धी गोधडी दुसरीच्या हाती गेली तरी तिला पुढचा टाका कोठे ते कळते. माझ्यासारखी मधेच कोपऱ्यात, मधेच मध्यावर बसणारी असली की मागच्या बाईचे हाल.

राहता राहिल्या अर्धवट गोधड्या. वहीचे मागचे तोंड उघडले तेव्हा मोजल्या, तर सात निघाल्या. सात! प्रत्येकीपुढे ती का थांबली ते लिहिले. दोरा संपला म्हणून दोन, कापड अडले म्हणून दोन. एक मूल झोपेल त्या मापाची करायला घेतली होती, ते मूल आता कॉलेजात आहे. एकीचे रंगच मला पाहवत नव्हते. ती उसवून टाकली. उसवताना वाईट वाटले, पण वर्षानुवर्षे तिच्यावरून नजर चुकवण्यापेक्षा ते बरे. आता एका वेळी तीनच हाताशी ठेवते. चौथीचा मोह झाला तर आधी वही पाहायची. आणि काम बाजूला ठेवताना सुई काढून घ्यायची, दोरा वीतभर मोकळा सोडायचा. हे मला सातव्या गोधडीने शिकवले.

ती सातवी सासूबाईंची. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या ट्रंकेत तळाशी मिळाली. निम्म्याहून अधिक झालेली, टाके असे बारीक की मशीनने लाजावे. सुई तशीच टोचलेली होती. ती गंजून गेली होती, आणि भोवती तांबूस डाग पडला होता. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवला तरी पुरता निघाला नाही. पण खरी पंचाईत निराळीच झाली. ती कोणासाठी चालली होती? थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, माझ्यासाठी. यातले खणाचे तुकडे माझ्या चोळीचे आहेत. धाकट्या म्हणाल्या, मला त्यांनी शब्द दिला होता. वन्सं काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मलाही वाटत होते की ती माझीच, कारण शेवटली दोन वर्षे सुईत दोरा मी ओवून देत होते. सासूबाईंनी कोणाला काहीच सांगितले नव्हते आणि कोठे लिहिले नव्हते. चौघींत एक गोधडी, नि त्या पायी वर्षभर आमच्यात जरा अंतर आले. शेवटी सर्वानुमते ती माझ्याकडे ठेवली, पुरी करायला. पण पुरी झाली म्हणजे कोणाला द्यायची हा प्रश्न पुन्हा उभा राहील, या धास्तीने माझा हातच चालेना. वहीच्या मागच्या पहिल्या पानावर तीच आहे. 'कोणासाठी' हा रकाना मी पेन्सिलीने भरला आणि खोडला, असे तीनदा झाले आहे.

गेल्या दिवाळीत मी तिघींना घरी बोलावले आणि ही वही पुढे ठेवली. थोरल्या जाऊबाईंनी ती वाचली, आणि म्हणाल्या, "आपण चौघी मिळूनच शिवू. पुढचे पुढे." तेव्हापासून महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी तीन वाजता आम्ही बसतो. एका बाजूला एकच हात चालतो एवढी ती आता आत आली आहे, तेव्हा एकजण शिवते नि बाकीच्या रिकाम्या बसून चहा पितात.

म्हणून आपणां सर्वांना सांगते, आपापली गाठोडी, अर्धवट राहिलेले काम आणि एक कोरी वही घेऊन त्या मंगळवारी माझ्याकडे या. नंबर घालायला मी मदत करीन. सुया मात्र स्वतःच्या आणा. माझ्याकडच्या मोजलेल्या आहेत.